पोरांचे डोळे पिवळे झाले की गाड्याकडे नाही, नळाकडे बघा

मागच्या आठवड्यात सकाळी सात वाजता बहिणीचा फोन. "दादा, अरे ह्याचे डोळे पिवळे दिसतायत. लघवी पण पिवळीजर्द होतेय. तुला ते माळ देणारे बाबा माहितीयेत ना? कुठल्या वारी बसतात ते?"

"ह्याचे" म्हणजे माझ्या भाच्याचे. दहावीत आहे. प्रिलिम चालू, बोर्ड महिन्यावर. पाच-सहा दिवस पोरगं जेवत नव्हतं. मळमळतंय म्हणायचं, अंगात कणकण होती, दिवसभर पडून राहायचं. घरच्यांना वाटलं अभ्यासाचा ताण. बापाला वाटलं अभ्यास टाळायचा बहाणा, त्यानं दोन शब्द सुनावलेही होते. डोळे पिवळे झाले तेव्हा कुठे सगळे जागे झाले.

मी म्हटलं, माळेचं नंतर बघू, आधी डॉक्टर आणि रक्त. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. हिपॅटायटिस ए. आपल्या भाषेत साधी कावीळ.

संध्याकाळी घरी गेलो तर घरात कोर्ट भरलेलं. आजी म्हणते उसाचा रस प्यायला असणार. बाप म्हणतो क्लासबाहेरचा पाणीपुरीचा गाडा. शेजारच्या काकू म्हणतात, "उष्णता आहे हो, रात्र रात्र मोबाईल बघतात ही पोरं." आणि आरोपी अंथरुणावरून कळवळून सांगतोय, "पप्पा, मी महिनाभर बाहेरचं काहीच खाल्लं नाही, प्रिलिम म्हणून मम्मीनं बंदच केलंय." त्याचं कोणी ऐकेना.

मी गप्प बसून होतो. कारण असाच एक खटला सहा वर्षांपूर्वी मी स्वतः चालवला होता, आणि एका माणसाला शिक्षा देऊन मोकळाही झालो होतो.

आज ते लिहितोय. उशिरा लिहितोय, पण लिहितोय.

तेव्हा मी एका जिल्हा दैनिकाचा तालुका प्रतिनिधी होतो. ऑगस्ट महिना. आमच्या गावातल्या एका शाळेच्या आसपास काविळीचे पेशंट निघायला लागले. बहुतेक सगळी आठवी ते बारावीची पोरं. एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात एकाच दिवशी पाच पिवळी पोरं मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. शाळेच्या कोपऱ्यावर एक पाणीपुरीवाला उभा राहायचा. झाशीकडचा माणूस, आमच्या गावात दहा-बारा वर्षं राहिलेला. पालकांनी बोट दाखवलं, नगरसेवकांनी मान डोलावली, आणि मी बातमी केली. मथळा असा की पाणीपुरीमुळेच कावीळ पसरली. कुठलीही तपासणी झाली नव्हती. मी कोणाला विचारलंही नाही की तपासणी झाली का.

बातमी छापून आली त्याच दिवशी नगरपरिषदेची माणसं गाडी घेऊन आली. त्याचा मडक्यातला रगडा, पाण्याचं पिंप, सगळं रस्त्यावर ओतलं. मी फोटो काढायला हजर होतोच. तो हात जोडून म्हणत होता, "साहेब, मेरा पानी भी तो उसी नल का है."

हे वाक्य मी ऐकलं. वहीतही लिहून घेतलं. बातमीत घेतलं नाही.

पुढे दीडेक महिन्यानं पाणीपुरवठ्याच्या एका व्हॉल्व्हमननं टपरीवर चहा पिता पिता सहज सांगितलं, "अहो, त्या शाळेमागं लाइन उघडली ना परवा. पाइप सगळा गटारात. सडून चाळणी झालेला." मी ऑफिसला कळवलं. आतल्या पानावर चार ओळी आल्या, 'जलवाहिनीची दुरुस्ती पूर्ण'. त्या चार ओळींचा आणि आधीच्या मथळ्याचा संबंध वाचकाला कळेल असं मी काही लिहिलं नाही. तोवर पाणीपुरीवाला गाव सोडून गेला होता.

आता मुद्द्याकडे येतो. ही चूक एकट्या माझी असती तर मी तिची पोस्ट केली नसती. हीच चूक दरवर्षी आपण सगळे करतो. घरात, शाळेत, पालिकेत आणि पेपरात.

आधी साधी गोष्ट. कावीळ हा रोग नाही, ती खूण आहे. लिव्हरला सूज आली की पिवळा रंग अंगात साचतो, डोळ्यांत दिसतो. सूज कशानं आली ही वेगळी गोष्ट. दारूनं येते, औषधानं येते, पित्ताच्या खड्यानंही डोळे पिवळे होतात. पण शाळकरी पोरांत अचानक कावीळ दिसली की बहुतेक वेळा मागे विषाणू असतो. त्यात बी आणि सी रक्तातून पसरतात. ए आणि ई तोंडावाटे जातात. आणि पोरांमध्ये सगळ्यात जास्त सापडतो तो ए.

तोंडावाटे म्हणजे काय, हे आपण बोलायला लाजतो. स्पष्ट सांगतो. हा विषाणू आजारी माणसाच्या शौचातून बाहेर पडतो आणि दुसऱ्याच्या तोंडात जातो. वाट एवढीच. गटार, पाणी, हात, अन्न हे फक्त वाटेतले थांबे. 1973 साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी हा विषाणू पहिल्यांदा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तो रुग्णाच्या शौचाच्या नमुन्यातच. उष्णता, पित्त, मोबाईल, रात्रीचं जागरण यातलं काहीही हिपॅटायटिस ए चं कारण नाही. कोणाची तरी विष्ठा आपल्या पोरानं गिळली, हे कारण. वाचायला घाण वाटतं ना? वाटू दे. घाण वाटल्याशिवाय आपण प्रश्न विचारत नाही.

दुसरी गोष्ट, जी मला सहा वर्षांपूर्वी माहिती असती तर मी ती बातमी केली नसती. विषाणू पोटात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत 15 ते 50 दिवस जातात. सरासरी 28. म्हणजे आज डोळे पिवळे झाले तर काल काय खाल्लं हे विचारून काही उपयोग नाही. सुमारे चार आठवडे मागे जायला लागतं. ऑगस्टमधल्या पेशंटचं उत्तर जुलैत शोधायला पाहिजे होतं. जुलैत आमच्याकडे पहिले मोठे पाऊस झाले होते, केबलसाठी रस्ते खणले होते, गटारं तुंबून शाळेच्या मैदानात पाणी आलं होतं. हे सगळं मला माहिती होतं. त्याच्या बातम्या मीच दिल्या होत्या! पण दोन बातम्या जोडून बघायचं सुचलं नाही. गाडा समोर दिसत होता, पाइप जमिनीखाली होता.

आणि यात आणखी एक गोम आहे. माणूस सगळ्यात जास्त विषाणू बाहेर टाकतो तो डोळे पिवळे होण्याच्या आधीच्या आठवड्या-दोन आठवड्यांत. तेव्हा तो शाळेत जातोय, क्लासला जातोय, मित्राच्या बाटलीला तोंड लावतोय, शाळेच्या संडासात जातोय. त्या संडासात साबण नाही. बहुतेक ठिकाणी पाणीही नाही. कावीळ दिसल्यावर आपण पोराचं ताट-वाटी वेगळी करतो, खोली वेगळी करतो. करा, काही बिघडत नाही. पण तोवर बराचसा प्रसार होऊन गेलेला असतो. पिवळेपणा दिसल्यापासून साधारण आठवडाभरात पोरगं संसर्ग द्यायचं जवळपास थांबतं. घोडं पळून गेल्यावर तबेल्याला कुलूप, अशातला प्रकार.

आता कोणी म्हणेल, गाड्यावरून पसरतच नाही का? पसरू शकतं. विकणाऱ्याचे हात, भांडी धुवायचं पाणी, कुठल्याही पाण्याचा बर्फ, सगळ्यातून पसरू शकतं. 1988 साली शांघायमध्ये कच्चे शिंपले खाऊन सुमारे 3 लाख लोकांना हिपॅटायटिस ए झाला होता. ते शिंपले ज्या पाण्यात वाढले त्यात सांडपाणी मिसळलं होतं. म्हणजे तिथेही मूळ गटारच. गाड्यांना क्लीन चिट देणं हा माझा उद्देश नाही. पुरावा मागा, एवढंच म्हणणं आहे. गाड्यावरचं पाणी तपासा आणि त्याच दिवशी शाळेच्या टाकीचं, गल्लीतल्या शेवटच्या नळाचंही तपासा. फक्त गाड्याचं पिंप ओतून फोटो काढण्याला तपास म्हणत नाहीत.

मग प्रश्न येतो, पोरांनाच का? आणि आताच का? आमच्या लहानपणी तर आम्ही विहिरीचं, ओढ्याचं पाणी प्यायलो, आम्हाला काही झालं नाही. ही कॉमेंट येणारच आहे, म्हणून उत्तर आधीच देतो.

तुम्हालाही झालं होतं. कळलं नाही. सहा वर्षांखालच्या मुलांना हा विषाणू झाला तर दहातल्या सातांना काही लक्षणच दिसत नाही. थोडी मळमळ, एखादा ताप, संपलं. आणि एकदा झाला की जन्मभर पुन्हा होत नाही. आधीच्या पिढीत शाळेत जायच्या आत बहुतेक सगळ्यांना तो होऊन गेलेला असायचा. मोठ्या मुलांचं आणि प्रौढांचं उलटं आहे. त्यांच्यात दहातल्या सातांहून जास्त जणांना कावीळ दिसते, आठवडेच्या आठवडे अंथरूण धरायला लागतं.

मधल्या काळात काय बदललं? घरात संडास आले, फिल्टर आले, पाण्याचे जार आले. चांगलंच झालं. पोरं लहानपणी विषाणूपासून वाचायला लागली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या अभ्यासातही हेच दिसलं होतं की बऱ्या परिस्थितीतल्या घरांतल्या मुलांच्या रक्तात याची प्रतिकारशक्ती पूर्वीसारखी सापडत नाही. ही पोरं चौदा-पंधरा वर्षांची होतात, घराबाहेर पडतात, क्लास, होस्टेल, मेस, सहल, आणि तिथे त्यांची या विषाणूशी पहिली गाठ पडते. नेमकी त्या वयात, जेव्हा तो जोरात लागतो.

म्हणजे आपण अर्धं स्वच्छ झालो. घरातला ग्लास स्वच्छ झाला, गावाचा पाइप तसाच राहिला. या अर्धवटपणाची किंमत दहावी-बारावीची पोरं भरतायत.

केरळचं बघा. साक्षरता, आरोग्य, संडास, सगळ्यात पुढं असलेलं राज्य. तिथे 2024 मध्ये मलप्पुरम आणि एर्नाकुलम जिल्ह्यांत हिपॅटायटिस ए चे मोठे उद्रेक झाले, माणसं दगावली. आणि आपल्याकडे 2012 ची इचलकरंजी आठवा. काविळीची साथ घरोघरी गेली होती, तिथेही जीव गेले. तेव्हाही विषय पिण्याच्या पाण्यात मिसळलेल्या सांडपाण्याचाच होता.

आता पाइपाकडे येऊ. आमच्या गावाला चार दिवसांआड पाणी येतं. तुमच्याकडे दोन दिवसांआड येत असेल, कुठे आठ दिवसांनी. पाणी आल्यावर पाइप भरलेला असतो, दाब आतून बाहेर असतो. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो. रिकामा पाइप आजूबाजूचं ओढून घेतो. आजूबाजूला काय असतं? आमच्याकडे गटार. कारण पाइप आणि गटार दोन्ही रस्त्याच्या एकाच कडेनं नेलेत, काही ठिकाणी नळाची जोडणी गटाराच्या आतूनच गेलीय. तिथे जॉइंट जरा ढिला असला की पुरतं. मग पुढच्या पाण्याला पहिली दहा-पंधरा मिनिटं गढूळ, वास येणारं पाणी येतं, आपण ते सोडून देतो आणि नंतर भरून घेतो. दिसायला स्वच्छ. विषाणू दिसत नसतो.

आणि इथे आपलाही हात आहे. नळाला थेट मोटर लावून पाणी ओढतो ना आपण? मीही लावायचो. ती मोटर फक्त शेजाऱ्याचं पाणी ओढत नाही. जॉइंट फुटका असेल तर गटाराचंही ओढते. एका गल्लीत वीस मोटरा एकदम चालू झाल्यावर त्या पाइपाचं काय होत असेल, विचार करा.

"पण क्लोरीन टाकतात की!" टाकतात. किती टाकतात आणि शेवटच्या नळापर्यंत किती पोचतं, हा प्रश्न आहे. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस 10500, त्यात नळाच्या टोकाला एका लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं असं म्हटलंय. पण त्याच मानकात पुढे असंही आहे की विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तर हे प्रमाण किमान 0.5 पाहिजे. आपल्याकडे 0.2 सापडलं तरी सगळे खूष. काविळीच्या साथीत 0.5 का नाही, हा प्रश्न मी अजून एकाही सर्वसाधारण सभेत ऐकलेला नाही. मी स्वतःही विचारला नव्हता.

तपासायची पद्धत अवघड नाही. ओटी टेस्ट म्हणतात. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, दोन थेंब द्रावण टाकायचं, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. गावोगावी जलसुरक्षकाकडे, पालिकेच्या माणसाकडे हे किट असतं. गंमत बघा, नळीत पिवळं दिसलं नाही की महिन्यानं पोरांच्या डोळ्यांत दिसतं. बऱ्याच ठिकाणी ही टेस्ट टाकीपाशी होते, जिथे क्लोरीन नुकतंच पडलेलं असतं. ती व्हायला पाहिजे शेवटच्या गल्लीतल्या शेवटच्या घरी. आणि टीसीएल पावडर गोदामात महिनोन्‌महिने उघडी पडली तर तिच्यातलं क्लोरीन उडून जातं. मग पोतं पावडरीचं, काम चुन्याचं.

साथ आली की पालिका म्हणते, "आम्ही नमुने पाठवले, पाणी पिण्यायोग्य असल्याचा अहवाल आहे." हे खोटं नसतं, पण पुरतं खरंही नसतं. एक तर तक्रार झाल्यावर क्लोरीन वाढवतात आणि मग नमुना घेतात. दुसरं, त्या नेहमीच्या तपासणीत जंतू बघतात, विषाणू बघत नाहीत. क्लोरीननं जंतू लवकर मरतात, हा विषाणू त्यांच्यापेक्षा चिवट आहे. दिल्लीत 1955-56 च्या हिवाळ्यात यमुनेत नाल्याचं पाणी उलटं फिरून शहराच्या पाण्यात शिरलं. क्लोरीन वाढवलं गेलं, त्यामुळे टायफॉइड-हगवण वाढली नाही. पण कावीळ सुमारे 29 हजार लोकांना झाली. त्यावेळी ती नेहमीची कावीळ समजली गेली. पुढे जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासल्यावर कळलं, ती ए नव्हती, नंतर ज्याला ई म्हटलं ती होती. सत्तर वर्षं झाली. धडा तेव्हाच मिळाला होता.

थोडं उपचारावर, कारण बहिणीचा पहिला प्रश्न माळेचा होता.

हिपॅटायटिस ए वर खास औषध नाही. बहुतेक पोरं काही आठवड्यांत आपोआप बरी होतात, काहींना दोन-तीन महिने लागतात, शंभरात दहा-पंधरा जणांना मध्येच पुन्हा उलटतो. आता जो आजार आपोआप बरा होतो, त्याचं श्रेय कोणालाही घेता येतं. माळवाला घेतो, नाकात थेंब टाकणारा घेतो, हात धुऊन पिवळं पाणी काढणारा घेतो. ज्याला कावीळ नाही त्याचे हात तसे धुतले तरी पाणी पिवळंच होतं, करून बघा. माळ लांबते कारण देठ सुकून गाठी सैल होतात. माळेनं नुकसान नाही, पण पोटात घ्यायची अनोळखी पुडी आणि हातावर दिलेला डाग यानं आहे. आधीच सुजलेल्या लिव्हरवर काय आहे ते माहीत नसलेलं औषध ओतू नका. तापासाठी पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टरांना विचारून.

आणि पोराला महिनाभर नुसत्या लाह्या आणि उसाच्या रसावर ठेवू नका. आमच्या भाच्याच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं, भूक लागेल तसं साधं घरचं जेवण द्या. मात्र पोरगं गुंगीत जायला लागलं, असंबद्ध बोलायला लागलं, उलट्या थांबेनात, कुठून रक्त यायला लागलं तर एक तासही घरी थांबू नका. मोठं हॉस्पिटल गाठा. असं क्वचित होतं, पण होतं तेव्हा लिव्हर निकामी होत असतं.

लसही आहे. हे बऱ्याच लोकांना माहितीच नाही. किंवा गोंधळ होतो. सरकारी कार्डावर हिपॅटायटिस बी लिहिलेलं असतं, पालक म्हणतात झाली की काविळीची लस. ती बी ची. ए ची लस सरकारी यादीत नाही. खासगीत एका डोसचं बिल चार आकडी. आपल्या देशात, हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सनं बनवलेली लसही 2024 मध्ये बाजारात आली. घरात पेशंट निघाला तर बाकीच्यांना दोन आठवड्यांच्या आत दिली तरी उपयोग होतो. भाचीला, म्हणजे ह्याच्या धाकट्या बहिणीला, डॉक्टरांनी तेवढ्यासाठीच दिली. माझ्या बहिणीला परवडली. ज्या बाईच्या घरी चार पोरं आणि रोजंदारी, तिनं काय करायचं? अर्जेंटिनानं 2005 पासून वर्षाच्या प्रत्येक बाळाला सरकारी खर्चानं एक डोस सुरू केला. रुग्ण झपाट्यानं कमी झाले, आणि या आजारानं पोराचं लिव्हर बदलायची वेळ येणं जवळपास थांबलं. आपल्याकडे निदान साथीच्या गावांत, होस्टेलांत, आश्रमशाळांत तरी का होऊ नये?

पण लस आली तरी पाइप सुटत नाही. कारण त्याच पाइपातून टायफॉइड येतो, हगवण येते, आणि गरोदर बाईच्या जिवावर उठणारा हिपॅटायटिस ई सुद्धा येतो. त्यामुळे माझं पहिलं मागणं पाण्याचंच आहे.

मी काय करतोय ते सांगतो. तुम्हाला पटलं तर तुमच्या गावात करा.

एक, माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. दहा रुपयांचा स्टॅम्प. गेल्या तीन महिन्यांचं ओटी टेस्टचं रजिस्टर, नमुने कुठून घेतले त्या जागा, आणि गळतीच्या तक्रारींची यादी. भाच्याच्या वर्गात अजून दोघांना कावीळ आहे असं कळलंय. तारखा जुळवून बघणार आहे. यावेळी आधी तारखा, मग मथळा.

दोन, शाळेच्या टाकीवर धुतल्याची तारीख रंगवलेली असते, ती जाऊन वाचा. रंग नवा आणि तारीख जुनी असेल तर मुख्याध्यापकांना विचारा. भांडू नका, विचारा. संडासात पाणी आणि साबण मागा. सॅनिटायझर नको, या विषाणूवर तो भरवशाचा नाही. साबणानं हात चोळून धुणंच खरं.

तीन, साथ असेपर्यंत पाणी उकळा. खळखळून एक मिनिट. पोराला घरची बाटली द्या आणि ती बाटली फक्त त्याचीच.

चार, आपली मोटर काढा. मी काढली. बायको पंधरा दिवस बोलत नव्हती, आता खालच्या टाकीत पाणी पडू देऊन तिथून वर चढवतो.

आणि पाच, माझ्या पत्रकार मित्रांसाठी. काविळीची बातमी आली की पहिला फोन पालकांना नको आणि पहिला फोटो गाड्याचा नको. व्हॉल्व्हमनला फोन करा. महिन्याभरापूर्वी कुठे खणलं, कुठे फुटलं, त्याला सगळं माहिती असतं. त्याला कोणी विचारत नाही, एवढंच.

भाचा आता बरा आहे. काल चक्क भाकरी मागून खाल्ली. बोर्डाला बसेल बहुतेक, अभ्यास किती झाला ते विचारू नका. बापानं त्याला "सॉरी" म्हटलं नाही, बाप लोक म्हणत नाहीत, पण काल गणिताचे पेपर समोर घेऊन त्याच्याशेजारी बसला होता.

त्या पाणीपुरीवाल्याला मात्र मला सॉरी म्हणायचंय, आणि तो कुठे आहे मला माहिती नाही. आमच्या गावातून झाशीकडे जाणारा-येणारा कोणी ही पोस्ट वाचत असेल आणि ओळखत असेल तर त्याला एवढंच सांगा. त्या दिवशी जे वाक्य तो रस्त्यावर बोलला होता, ते मी आज छापलंय. सहा वर्षं उशिरा. पण त्याच्याच शब्दांत.